मायक्रोवेव्हने तडे बुजवणारा डांबरी रस्ता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्ता स्वतःचे तडे स्वतः बुजवतो, म्हणजे नेमके काय होते?

डांबर हा पदार्थ धड घनही नाही आणि धड द्रवही नाही. कडक थंडीत तो ठिसूळ होतो आणि आघाताने फुटतो, तर तापला की हळूहळू वाहू लागतो. रस्त्याच्या थरात, म्हणजे डांबर आणि खडीच्या मिश्रणात, बारीक तडा गेला आणि त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना टेकलेल्या राहिल्या, तर पुरेशी ऊब व पुरेसा वेळ मिळाल्यावर डांबर त्या फटीत शिरते, दोन्ही बाजूंचे रेणू एकमेकांत मिसळतात आणि जोड पुन्हा भार घेऊ लागतो. हा गुण संशोधकांनी डांबरात बाहेरून घातलेला नाही, तो त्यात मुळातच आहे. डांबरी नमुन्यांना विश्रांती मिळाली की त्यांची गेलेली ताकद बऱ्याच अंशी परत येते, हे बाझँ आणि सोनिए या संशोधकांनी १९६७ सालीच नोंदवले होते. आज ज्याला आपण नवे तंत्र म्हणतो, ते या जुन्या गुणाला वेळेवर उष्णता पुरवण्याचे तंत्र आहे: मिश्रणात धातूचे बारीक तंतू किंवा कण घालायचे आणि गरज पडेल तेव्हा यंत्राने वरून मायक्रोवेव्ह लहरी सोडून थर तापवायचा. त्यामुळे ‘स्वतःहून’ हा शब्द थोडा सैलपणे वापरला जातो, कारण उष्णता बाहेरून द्यावीच लागते.

डांबरात हा गुण आधीपासूनच आहे, तर रस्ते फुटतात कशाला?

कारण त्याला सवड मिळत नाही. वर्दळीच्या रस्त्यावर एक चाक गेले की लगेच दुसरे येते, आणि प्रत्येक चाकाखाली थर किंचित वाकून पुन्हा सरळ होतो. या सततच्या वाकण्याने मिश्रणाला थकवा येतो आणि आधी डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म तडे पडतात. रात्री वाहने कमी होतात, तेव्हा रस्ता थंड असतो. ऊन असते तेव्हा वाहनेही असतात. त्यात डांबर दरवर्षी म्हातारे होत जाते: हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यातील हलके, तेलकट घटक कमी होतात, जड घटकांचे प्रमाण वाढते आणि पूर्वी ज्या तापमानाला ते वाहत असे, त्या तापमानाला आता ते जागचे हलत नाही. तडे वाढण्याचा वेग हा तडे भरण्याच्या वेगापुढे गेला की रस्त्याची उतरण सुरू होते. बाहेरून उष्णता देऊन हा तोल काही काळ पुन्हा आपल्या बाजूला झुकवता येतो.

मग वरून आग किंवा गरम हवा दिली तर चालणार नाही का?

पृष्ठभागापुरते चालते, पण खोलवर पोहोचत नाही. डांबरी मिश्रण उष्णतेचे मंद वाहक आहे. त्याच्या नेहमीच्या गुणधर्मांवरून हिशेब केला, तर ४ सेंटीमीटर जाडीच्या थराच्या तळापर्यंत उष्णता नीट पोहोचायला पाऊण ते एक तास लागतो. ज्वाळेखाली तेवढा वेळ ठेवलेल्या पृष्ठभागावरचे डांबर तोवर करपून निकामी झालेले असते. मायक्रोवेव्हमध्ये ही वाट पाहावी लागत नाही, कारण लहरी थरात शिरतात आणि उष्णता आतल्या आतच निर्माण होते. वरचा भाग तळापेक्षा अधिक तापतो हे खरे, कारण लहरी खाली जाता जाता क्षीण होतात, परंतु हा फरक ज्वाळेच्या तुलनेत पुष्कळच कमी असतो.

धातू मिसळण्याची गरज का पडते?

कारण शुद्ध डांबर मायक्रोवेव्ह फारसे शोषत नाही, आणि बहुतेक साधी खडीही शोषत नाही. लोहयुक्त खनिजे असलेला काळा बेसॉल्ट त्या मानाने बरा तापतो, चुनखडी फारच कमी. काहीही न मिसळलेल्या मिश्रणावर लहरी सोडल्या तर त्यांचा मोठा भाग आरपार निघून खालच्या थरांत वाया जातो. लहरींची ऊर्जा पकडून तिची उष्णता करणारा घटक डांबराच्या अगदी लगत असावा, यासाठी पोलादाचे बारीक तंतू, लोखंडाची भुकटी, पोलाद कारखान्यातील स्लॅग (पोलाद बनवताना उरणारी मळी) किंवा मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असलेली खडी मिसळतात. कार्बनचे तंतू आणि ग्रॅफाइट यांवरही काम झाले आहे, पण ते धातू नसल्याने येथे त्यांचा विचार केलेला नाही.

मायक्रोवेव्हमध्ये धातू ठेवू नये असे सांगतात. मग रस्त्यात तो कसा चालतो?

हा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचे उत्तर धातूच्या आकारात आहे. धातूचा सपाट, जाड पत्रा लहरी परतवून लावतो, कारण या वारंवारतेला लहर पोलादात जेमतेम मायक्रोमीटरभर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकी शिरते. हाच धातू बारीक तंतूंच्या किंवा भुकटीच्या रूपात मिश्रणभर विखुरला, तर परतवणारी भिंत उरत नाही. लहरी तंतूंच्या मधून आत जातात आणि प्रत्येक तंतूच्या पातळ सालीत विद्युतप्रवाह खेळवतात. त्या प्रवाहाला होणाऱ्या विरोधातून उष्णता निघते. लोखंडासारख्या चुंबकीय पदार्थात लहरींच्या चुंबकीय क्षेत्राची काही ऊर्जाही खर्ची पडून आणखी थोडी उष्णता मिळते. नेहमीच्या २.४५ गिगाहर्ट्झ वारंवारतेला क्षेत्राची दर सेकंदाला २ अब्ज ४५ कोटी आवर्तने होतात, त्यामुळे तंतू काही सेकंदांतच तापतो आणि त्याला चिकटलेले डांबर मऊ होते.

ओव्हनमध्ये ठिणग्या उडतात त्या धातूच्या टोकांपाशी विद्युतक्षेत्र एकवटल्यामुळे. मिश्रणातील तंतू डांबराने लपेटलेले असतात म्हणून तेथे हा धोका कमी असतो, तरीही पृष्ठभागावर उघडी पडलेली टोके आणि एकत्र गोळा झालेले तंतू ठिणगी टाकू शकतात. तंतू आखूड, काही मिलिमीटर लांबीचेच ठेवण्यामागे हेही एक कारण आहे. घरगुती ओव्हनमध्ये डांबराचा तुकडा तापवून पाहण्याचा मोह मात्र कोणी करू नये. त्याचे धूर आरोग्याला अपायकारक आहेत आणि तो ओव्हन पुन्हा अन्नासाठी वापरता येणार नाही.

तडा आतून भरतो तो कोणत्या बळाने?

यात तीन गोष्टी एकत्र काम करतात. पहिली केशाकर्षणाची: अरुंद फटीत द्रव आपोआप चढतो, तसे पातळ झालेले डांबर पृष्ठताणामुळे तड्यात ओढले जाते. फट जितकी अरुंद, तितकी ही ओढ जोरदार, आणि म्हणूनच केसासारखा तडा भरतो पण बोटभर रुंदीची भेग भरत नाही. दुसरी प्रसरणाची. डांबराचे आकारमान दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०००६ पटीने वाढते, म्हणजे तापमान २५ वरून ८५ अंशांवर गेले तर साडेतीन टक्क्यांहून अधिक. खडीचे प्रसरण याच्या कितीतरी पट कमी असते, त्यामुळे वाढलेल्या डांबराला जवळच्या रिकाम्या जागेत, म्हणजेच तड्यांत आणि पोकळ्यांत, सरकण्यावाचून पर्याय नसतो. तिसरी गोष्ट म्हणजे गुरुत्वाकर्षण व वरून येणारा दाब.

या सगळ्याला अट एकच, श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा आतला विरोध, पुरेशी उतरलेली असावी. डांबराच्या प्रतीनुसार साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान कुठेतरी ते साध्या द्रवासारखे वाहू लागते. त्याखालच्या तापमानाला भरणे अगदी संथ असते, आणि ते तापमान ओलांडले की काम मिनिटांत होते. कठीण प्रतीचे किंवा पॉलिमर मिसळलेले डांबर असेल तर हा उंबरठा वर सरकतो, हे तंतूंचे प्रमाण ठरवण्याआधी तपासायला हवे.

तंतू किती प्रमाणात घालतात?

प्रमाण बहुधा डांबराच्या आकारमानाच्या टक्केवारीत सांगितले जाते, आणि येथेच अनेकांची गफलत होते. एक टन मिश्रणात वजनाने ५ टक्के डांबर धरले तर ते ५० किलो होते. त्याच्या आकारमानाच्या २ टक्के पोलादी तंतू म्हणजे साधारण पावणेआठ किलो, आणि ६ टक्के म्हणजे सुमारे २३ किलो. दोन आणि सहा हे आकडे कागदावर जवळचे दिसतात, खर्चात मात्र तिपटीचा फरक पडतो.

मायक्रोवेव्हसाठी खालच्या टोकाचे प्रमाण पुरते. जास्त घातले तर फायदा वाढेलच असे नाही, कारण तंतू मिसळताना त्यांचे गुंतवळे होतात. गुंतवळ्यात डांबर नीट शिरत नाही, रोलरखाली मिश्रण घट्ट बसत नाही आणि हवेच्या पोकळ्या वाढतात. पोकळी वाढली की पाणी व हवा आत शिरतात, म्हणजे ज्या रोगावर औषध द्यायचे तोच रोग आपण वाढवतो. शिवाय तापवताना गुंतवळ्यापाशी डांबर जळते आणि हातभर अंतरावर ते थंडच राहते. माझ्या मते या तंत्राचे यश तंतूंच्या प्रकारापेक्षा ते किती एकसारखे पसरले आहेत यावर अधिक ठरते. म्हणून तंतू आखूड हवेत, आणि गरम खडीत आधी मोकळे करून मग डांबर सोडावे.

स्लॅग वापरला तर तंतूंची गरज संपते का?

काही अंशी. स्लॅगमध्ये लोहाची संयुगे असतात आणि तो खडीचीच जागा घेतो, त्यामुळे गुंतवळ्यांचा प्रश्न उद्भवत नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात लोहखाणींतून उरणाऱ्या टॅकोनाइट खडीतील मॅग्नेटाइट मायक्रोवेव्ह उत्तम शोषतो, आणि तेथे या खडीचा उपयोग रस्तादुरुस्तीसाठी करून पाहण्यात आला आहे. स्लॅगच्या बाबतीत सावधगिरी अशी की पोलादाच्या ताज्या स्लॅगमध्ये मोकळा चुना असतो आणि पाणी लागले की तो फुगतो. असा स्लॅग बरेच दिवस उघड्यावर पाणी मारून मुरवल्याशिवाय रस्त्यात घालू नये. त्याची घनता जास्त असल्याने वाहतुकीचा खर्चही वाढतो.

इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह यांत फरक काय?

इंडक्शनमध्ये वेटोळ्यातून कित्येक दहा किलोहर्ट्झ वारंवारतेचा प्रवाह सोडून बदलते चुंबकीय क्षेत्र तयार करतात. त्यात फक्त धातूच तापतो, आणि तंतू एकमेकांना टेकून प्रवाहाला वळसा पूर्ण करता आला तर तो चांगला तापतो. त्यामुळे तंतूंचे प्रमाण अधिक लागते. क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने घटत असल्याने परिणाम मुख्यतः वरच्या भागातच राहतो. मायक्रोवेव्हला तंतूंची अशी साखळी लागत नाही, सुटा तंतूही तापतो.

तरीही प्रत्यक्ष रस्त्यावर आधी उतरले ते इंडक्शन. नेदरलँड्समधील डेल्फ्ट तंत्रज्ञान विद्यापीठात एरिक श्लांगेन यांच्या गटाने पोलादी तंतूंचे सच्छिद्र डांबरी मिश्रण विकसित केले आणि डिसेंबर २०१० मध्ये व्लिसिंगनजवळ ए५८ महामार्गाचा ४०० मीटरचा पट्टा त्या मिश्रणाने बांधला गेला. सच्छिद्र मिश्रणात वरची खडी निसटण्याची तक्रार मोठी असते आणि ती पृष्ठभागावरच घडते, म्हणून तेथे इंडक्शनची निवड सयुक्तिक होती. तडे थराच्या मध्यात किंवा तळाशी असतील तेथे मायक्रोवेव्हचा पर्याय अधिक योग्य ठरतो. मायक्रोवेव्हच्या अभ्यासात माद्रिदच्या तांत्रिक विद्यापीठातील हुआन गायेगो आणि चिलीतील होसे नोरांबुएना-कोंत्रेरास यांच्या गटांचे काम आवर्जून पाहण्याजोगे आहे.

खड्डे यातून भरतील का?

नाही. खड्ड्यातले साहित्य उडून गेलेले असते, आणि नसलेले डांबर उष्णतेने परत येत नाही. मायक्रोवेव्हने खड्ड्यातील जुने व नवे मिश्रण एकत्र तापवून पॅच उत्तम सांधता येतो, पण ती नेहमीची दुरुस्तीच झाली. चाकोऱ्या पडल्या असतील किंवा खालचा खडीचा थरच खचला असेल, तर तेथेही या तंत्राचा उपयोग नाही.

किती तापवावे? अधिक तापवले तर अधिक भरेल ना?

एका मर्यादेपर्यंतच. डेल्फ्टच्या सच्छिद्र मिश्रणावरील चाचण्यांत ८५ अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान सर्वांत अनुकूल आढळले होते. दाट मिश्रणासाठी हा आकडा वेगळा निघू शकतो, म्हणून प्रत्येक मिश्रणाची स्वतंत्र चाचणी व्हायला हवी. मर्यादा ओलांडली की पातळ डांबर गुरुत्वाकर्षणाने खाली झिरपते, वरची खडी कोरडी पडते, फुगलेले डांबर खडीची पकड ढिली करून मिश्रणाची रचनाच विस्कटते, आणि वेगाने होणाऱ्या ऑक्सिडीकरणामुळे डांबर आणखी म्हातारे होते. सरासरी तापमान पाहून समाधान मानू नये. उष्णतादर्शक कॅमेऱ्यात पृष्ठभागावरचा सर्वांत गरम आणि सर्वांत थंड ठिपका किती अंशांनी वेगळा आहे, हे पाहावे.

एकच रस्ता किती वेळा तापवता येतो?

प्रयोगशाळेत नमुना फोडणे, तापवणे आणि पुन्हा फोडणे हे चक्र अनेकदा चालते, पण परत येणारी ताकद साधारणपणे प्रत्येक फेरीला घटत जाते. खडीच फुटलेली असेल तर तो तडा कधीच भरत नाही, कारण दगड वितळत नाही. डांबर फार जुने झाले असेल तर नुसती उष्णता अपुरी पडते आणि हरवलेले तेलकट घटक परत द्यावे लागतात. यासाठी सूर्यफूल तेल भरलेल्या कॅल्शियम अल्जिनेटच्या सूक्ष्म कुप्या मिश्रणात घालण्याचे प्रयोग झाले आहेत, आणि उष्णता व तेल या दोन्हींचा मेळ घालणे ही मला सर्वांत आशादायक दिशा वाटते.

तापवण्याची योग्य वेळ कोणती?

तडा दिसण्याआधीची. व्यवस्थापनाच्या दृष्टीने हे सर्वांत अवघड आहे, कारण चांगल्या दिसणाऱ्या रस्त्यावर खर्च करा असे सांगावे लागते. पृष्ठभागावर जाळीदार तडे उमटले म्हणजे आतले नुकसान बरेच पुढे गेलेले असते आणि तड्यांत माती व पाणी शिरून त्यांच्या बाजू एकमेकींना चिकटण्याच्या स्थितीत राहिलेल्या नसतात. म्हणून थराची ताठरता वेळोवेळी मोजून ती घसरू लागताच पहिली फेरी द्यावी. हवामानाच्या दृष्टीने कोरडे, उबदार दिवस बरे, कारण रस्ता आधीच ५० अंशांवर असेल तर जवळजवळ निम्मे काम सूर्याने केलेले असते.

प्रत्यक्ष रस्त्यावर वीज किती लागेल आणि वेळ किती?

हा हिशेब प्रत्येकाने स्वतः करून पाहावा, कारण या तंत्राची खरी अडचण येथेच आहे. ४ सेंटीमीटर जाडीच्या एक चौरस मीटर थराचे वजन सुमारे ९४ किलो भरते. त्याची विशिष्ट उष्णता, म्हणजे एक किलो मिश्रण एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता, ०.९२ किलोजूल धरली आणि त्याला २५ वरून ८० अंशांवर न्यायचे ठरवले, तर सुमारे ४,७५० किलोजूल, म्हणजे १.३ युनिट उष्णता लागते. मॅग्नेट्रॉनमधील (मायक्रोवेव्ह निर्माण करणाऱ्या नळीतील) घट, परावर्तन आणि खाली निसटणाऱ्या लहरी धरून एकंदर कार्यक्षमता ५० टक्के मानली, तर २.६ युनिट वीज. साडेतीन मीटर रुंदीच्या एका मार्गिकेच्या एका किलोमीटरला ३,५०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो, म्हणजे सुमारे ९,२०० युनिट.

हा आकडा नव्या थरासाठी लागणारी खडी, डांबर, ते तापवण्याचे इंधन आणि वाहतूक यांच्याशेजारी ठेवला तर भयावह नाही. वेग मात्र काळजीचा आहे. १०० किलोवॉट वीज घेणाऱ्या यंत्राला हे काम करायला सुमारे ९२ तास लागतील, म्हणजे तासाला जेमतेम ११ मीटर. ८ तासांच्या रात्रीच्या पाळीत ९० मीटरही होणार नाहीत. म्हणून कामाची व्याप्ती आखडणे भाग आहे: पूर्ण मार्गिकेऐवजी फक्त चाकांच्या वाटा, सर्व लांबीऐवजी पूल, वळणे, चौक आणि थांबे. ५५ अंशांऐवजी ३० अंशांचीच वाढ पुरेल अशा उन्हाच्या दिवसात काम काढले तर वेग जवळजवळ दुप्पट होतो.

पावसात किंवा ओल्या रस्त्यावर काम करता येते का?

करू नये. पाणी मायक्रोवेव्ह जोमाने शोषते, त्यामुळे ऊर्जा पाणी उकळण्यात जाते आणि पोकळ्यांत अडकलेली वाफ डांबराला खडीपासून सोडवू शकते. बर्फाची गोष्ट उलट आहे: बर्फ मायक्रोवेव्ह फारच कमी शोषतो, लहरी त्यातून पार होऊन खालचा धातूयुक्त पृष्ठभाग तापवतात आणि बर्फाची रस्त्यावरील पकड सुटते. थंड प्रदेशांत तंतूंचा हा दुसरा उपयोग पहिल्याइतकाच महत्त्वाचा ठरू शकेल.

तंतू गंजणार नाहीत का? टायरला टोचणार नाहीत का?

डांबराचे वेष्टन शाबूत असेतोवर गंज मंद असतो. पाणी, आणि त्याहून अधिक मीठ, पोकळ्यांतून आत गेले तर तंतू गंजतात आणि त्यांची लहरी पकडण्याची क्षमताही बदलते. टोचण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही, कारण वापरले जाणारे तंतू मिलिमीटरच्या अंशाइतक्या जाडीचे असतात आणि टायरखाली सहज वाकतात.

लहरींपासून कामगारांना आणि वाटसरूंना धोका आहे का?

यंत्र नीट बंदिस्त नसेल तर आहे. मायक्रोवेव्ह शरीरातील पाणी तापवतात आणि डोळ्यांना त्यांचा विशेष धोका असतो. घरगुती ओव्हनसाठी अमेरिकेत पृष्ठभागापासून ५ सेंटीमीटरवर प्रति चौरस सेंटीमीटर ५ मिलिवॅट ही गळतीची मर्यादा आहे, आणि ओव्हनला तर बंद दार असते. रस्त्यावरच्या यंत्राची खालची बाजू उघडीच असते, म्हणून कडेने जमिनीला टेकणारी धातूची झालर, गळती मोजणारे संवेदक आणि यंत्र जरा उचलले गेले तरी लहरी तत्काळ बंद करणारी यंत्रणा या तिन्ही गोष्टी हव्यात. काम संपल्यावर रस्त्यात लहरी ‘उरत’ नाहीत, उरते ती फक्त उष्णता.

९० टक्के ताकद परत आली, अशा आकड्यांवर कितपत विसंबावे?

आधी तो आकडा कसा काढला ते पाहावे. सर्वसाधारण रीत अशी की अर्धवर्तुळाकार नमुना उणे २० अंशांसारख्या तापमानाला वाकवून फोडतात, दोन्ही भाग जोडून ओव्हनमध्ये काही सेकंद तापवतात, पुन्हा थंड करून फोडतात आणि दुसऱ्या वेळच्या भाराला पहिल्या वेळच्या भाराने भागतात. थंडीत झालेला तडा स्वच्छ असतो, त्यात धूळ नसते, नमुना चहूबाजूंनी लहरींत न्हातो आणि त्यावरून वाहने जात नाहीत. त्यामुळे हे आकडे एका मिश्रणाची दुसऱ्याशी तुलना करण्यास उपयुक्त आहेत, परंतु त्यांवरून रस्त्याचे आयुष्य अमुक वर्षांनी वाढेल असे जाहीर करणे योग्य नाही. मिश्रण आधी जुने करून, ओलावून, मग घेतलेल्या चाचणीचा निकाल मला अधिक मोलाचा वाटतो, जरी तो आकडा लहान असला तरी.

तंतू घालून रस्ता बांधला, पण तापवण्याचे यंत्रच मिळाले नाही तर?

तर तंतूंवरचा बहुतेक खर्च वाया गेला. ते मिश्रणाला थोडी मजबुती देतील, पण तडे बुजवण्याचे काम यंत्राशिवाय होणार नाही. म्हणून बांधकामाच्या करारातच पहिली फेरी कोणत्या मोजमापावर द्यायची, यंत्र कोण आणणार, तापमानाची नोंद कोण ठेवणार आणि तंतू कोणत्या पट्ट्यात, किती प्रमाणात घातले याचा नकाशा कोणाकडे राहणार, हे लिहिलेले असावे. हा नकाशा पुढे रस्ता खरवडताना, त्यातले साहित्य पुन्हा वापरतानाही लागतो, कारण चुंबकाने वेगळे न केलेले तंतू त्या खरवडीबरोबर नव्या मिश्रणात जातात आणि तेथे त्यांचे प्रमाण धरूनच पुढचा हिशेब करावा लागतो.